बर्डीवर जाताना

आपल्या बालाघाटच्या मराठी घरांत लग्न ठरलं की दोन प्रश्न लगेच निघतात. मुहूर्त कधीचा, आणि बर्डीला कधी जायचं? नागपूर म्हणायची गरजच पडत नाही. गोंदियाला गाडी बदलायची, नागपूरला उतरायचं आणि सीताबर्डीच्या मेन रोडवर पिशव्या भरायच्या. मोदी नंबर एक, दोन, तीन या गल्ल्या घरातल्या बायामाणसांना तोंडपाठ. आता मेट्रोचे दोन्ही मार्ग तिथंच एकमेकांना ओलांडतात, मॉल झाले, आणि नातवंडं बर्डीला 'फिरायला' जातात.

या 'फिरायला'बद्दलच मला बोलायचं आहे. फिरायला माणूस परगावी जातो. बर्डी आपल्याला परकी नव्हती. 1817 च्या नोव्हेंबरात तिथल्या दोन टेकड्यांपाशी आप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढून हरली. त्या हारीची झळ आपल्याकडेही पोचली, कारण लांजीचा हा मुलूख नागपूरच्याच राज्यातला. पुढे मध्य प्रांत आला, 1867 साली बालाघाट जिल्हा झाला, राजधानी नागपूरच राहिली. सरकारी काम काढून वाडवडील तिथं जात आणि परतताना बर्डीवरून कापडचोपड आणत. 1 नोव्हेंबर 1956 ला नागपूर मुंबई राज्यात गेलं, आपली राजधानी भोपाळ झाली. बाजार मात्र तोच राहिला. सीमा विचारून कोणी शालू घेत नाही.

बदललं ते काउंटरवरचं बोलणं. दुकानदाराला दोष देऊ नका. गिऱ्हाईक पहिलं वाक्य ज्या भाषेत बोलेल, तिच्यातच तो उत्तर देणार. आपण आत शिरताच 'भैया, साडी दिखाना' म्हणतो आणि बाहेर येऊन कुरकुरतो, की नागपुरात मराठी उरलीच नाही! घरी मराठी, बाजारात हिंदी ही आपली इथली सवय. इथं ती गरजेची आहे, आणि हिंदीनं आपल्याला कधी परकं मानलं नाही. पण जिथं मराठीत भाव करता येतो, तिथंही नातवानं आजीला मराठीत घासाघीस करताना ऐकलं नाही, तर पोत, काठ, वीण, विटका रंग हे शब्द त्याला मिळायचे कुठून? शाळेत तर मराठी नाहीच.

मेन रोडपासून झाशी राणी चौक काही फार लांब नाही. 1923 साली स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ तिथं आहे. शालूसाठी चार तास बसणाऱ्यांनी तिकडे अर्धा तास काढावा. आणि किल्ला? तो लष्कराच्या ताब्यात असतो. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट अशा मोजक्या दिवशीच लोकांना आत सोडतात. मुलांना न्यायचं तर त्यातलाच एक दिवस धरा. खरेदी काय, दुपारनंतरही होते.