दुखतंय, तरी चालायचं आहे



आपल्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हल्ली वाढदिवसांच्या खालोखाल 'बायपास' हा शब्द येतो. कुणाचे बाबा, कुणाची आई. डॉ. अभय बंगांना हृदयविकाराने गाठलं तेव्हा ते 44 वर्षांचे होते. म्हणजे आपल्याच वयाचे. म्हणून आज हा विषय.

माझ्या बाबांची बायपास गेल्या वर्षी ठाण्यात झाली. ऑपरेशन उत्तम झालं. काळजी सुरू झाली ती डोंबिवलीला घरी आल्यावर. छातीत डावीकडे चमक आली की बाबा चालणं सोडून खुर्चीत बसायचे. 'पुन्हा ब्लॉक झालं असेल' ही एकच भीती. आठवडाभरात चालणं जवळजवळ बंद पडलं.

तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी जे समजावलं, ते सांगते. या ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड उभं कापून पुन्हा तारेने बांधतात. ते सांधायला सहा ते आठ आठवडे आणि पक्कं व्हायला साधारण तीन महिने लागतात. बहुतेक वेळा छातीच्या आतली डावीकडची रक्तवाहिनी वापरतात, त्यामुळे तिथे बधिरपणा, टोचणं, जळजळ काही महिने राहू शकते. हे दुखणं कूस बदलताना, खोकताना, हाताने दाबल्यावर वाढतं.

हृदयाचं दुखणं बहुधा श्रमाबरोबर येतं. चालताना, जिना चढताना छाती आवळल्यासारखी होते, थांबलं की उतरते. कधी कळ जबड्यात किंवा हातात जाते, घाम फुटतो, दम लागतो. असं झालं तर लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. विश्रांती घेऊनही थांबलं नाही तर 108 ला फोन. ताप, जखमेतून पाणी, हाडात कटकट आवाज, हेही अंगावर काढायचं नाही. आणि कुठलं दुखणं ते कळत नसेल, तर घरी अंदाज करत बसू नये.

मी बाबांना एक वही आखून दिली: कधी दुखलं, काय करताना, कशाने थांबलं. महिनाभराच्या नोंदी बहुतेक कूस बदलण्याच्या आणि शिंकेच्या निघाल्या. डॉक्टरांनी वही वाचली, बाबांना तपासलं आणि म्हणाले, "काका, बिनधास्त चाला."

मग घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून चार वेळा. नंतर सोसायटीचं आवार. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, ही मोजपट्टी. खोकला आला की छातीशी उशी धरायची. जड पिशवी नाही, आणि हाड पक्कं होईपर्यंत लोकलची गर्दी आणि वरची कडी धरून लटकणंही नाही. स्टेशनच्या पुलाचे जिने सगळ्यात शेवटी.

हे शहाणपण जुनंच आहे. हेबर्डन नावाच्या इंग्रज डॉक्टरांच्या 1802 साली छापलेल्या पुस्तकात छातीच्या कळेचा एक रोगी आहे. रोज अर्धा तास लाकूड कापायचा नेम धरून तो जवळजवळ बरा झाला. तरीही पुढे कितीतरी वर्षं हृदयरोग्यांना आठवडेच्या आठवडे झोपवून ठेवत.

बाबा आता फडके रोडने गणपती मंदिरापर्यंत चालत जाऊन येतात. छाती अजून अधूनमधून दुखते. ते वहीत लिहितात.

ज्यांच्या घरी असं कुणी आहे, त्यांनी एक वही करा आणि पहिले काही आठवडे सोबत चाला. एकट्याने चालायची भीती दुखण्यापेक्षा मोठी असते.