पहिली खुरपणी चुकवू नका
(युसूफ वडगाव, ता. केज येथील बैठकीतील भाषण)



कपाशी पहिल्या सहा-आठ आठवड्यांत तणानं दाबली, तर पुढं कितीही खत टाका, ती झड भरून निघत नाही. लेकराचंही तसंच आहे. पोटातले नऊ महिने आणि जन्मानंतरची दोन वर्षं, असे हे हजार दिवस. मेंदूची वाढ सगळ्यात वेगानं याच काळात होते.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. आदिवासी पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. १९७५ साली सरकारनं एकात्मिक बालविकास योजना आणली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं सहा महिने ते सहा वर्षांच्या लेकराचा अंगणवाडीतला आहार हक्काचा झाला.

पण दिवाळीच्या सुमाराला आपली माणसं कोयता घेऊन कारखान्याला जातात. अंगणवाडी गावात, लेकरू फडात. मग हक्क कुठं राहिला?

म्हणून आमचं सांगणं आहे. उचल घेतानाच मुकादमाला विचारा, कोप्यांजवळ अंगणवाडी कुठं आहे? बाळाचं लसीचं कार्ड सोबत न्या, तिथं नाव घाला. घेत नसतील तर सगळी टोळी मिळून मागा. गरोदर बाईचं ताट आधी वाढा. बाळाला सहा महिने फक्त आईचं दूध, मग दुधासोबत वरणात कुस्करलेली ज्वारीची भाकरी. आणि बापांनो, लेकराशी बोला, खेळा. त्याला पैसा लागत नाही.

कापसाच्या भावासाठी पुढच्या हंगामातही भांडता येईल. हे हजार दिवस पुन्हा येत नाहीत.