चौकशीवाचून बडतर्फी



आम्ही कामगार संघटनेतली माणसे. पगार, बोनस, रजा यांवर बोलणे आमच्या अंगवळणी पडलेले; आजचा विषय त्यातला नाही. परंतु मूल होत नाही म्हणून बायकोला माहेरी धाडायला निघालेला सभासद कचेरीत येतो, तेव्हा आम्ही एकच विचारतो : "तू स्वतःची तपासणी केलीस काय?" तो रागावतो. "मी काय नामर्द आहे?"

घोटाळा इथेच आहे. मर्दपणा वेगळा आणि बीज वेगळे. वृषणात तयार झालेले शुक्रजंतू शेजारच्या एका वेटोळ्याच्या नळीतून पुढे जातात. ती उलगडली तर सुमारे २० फूट भरेल. जाडी मात्र सुताएवढी. परमा किंवा क्लॅमिडिया यांचे जंतू मूत्रमार्गातून मागे सरकत तिथवर पोचले, की सूज येते, व्रण धरतो आणि वाट बुजू शकते. दोन्ही बाजू बुजल्या तर वीर्यात शुक्रजंतू उतरत नाहीत. पण वीर्याचा बहुतेक द्रव दुसऱ्याच ग्रंथींतून येतो. म्हणून डोळ्यांना फरक दिसत नाही. तो सूक्ष्मदर्शकालाच दिसतो.

परम्याचा जंतू नायसर यांनी १८७९ साली शोधला. परम्यात पुरुषाला बहुधा जळजळ होते, पू येतो. क्लॅमिडिया मात्र पुष्कळदा काहीच जाणवू देत नाही. नवऱ्याकडून बायकोकडे जातो आणि तिच्याही गर्भनलिका बुजवू शकतो. वर वांझ म्हणून हिणवायचे तिलाच! हा कुठला न्याय?

र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवून हे विषय उघड्यावर आणले. आपण अजून कुजबुजतोच.

मूल न होणाऱ्या प्रत्येक पुरुषाला गुप्तरोगच झालेला असतो, असे मुळीच नव्हे. कारणे अनेक आहेत. म्हणूनच संशय नको, तपासणी हवी. सरकारी इस्पितळांतल्या सुरक्षा क्लिनिकात या रोगांवर मोफत उपचार मिळतात. औषध नवराबायको दोघांनी घ्यावे आणि पुरे घ्यावे. दुकानदाराला विचारून चार गोळ्या गिळू नयेत. पूर्वी पेनिसिलिनने बरा होणारा परमा आता त्याला दाद देत नाही. शिवाय औषधाने जंतू मरतात, बुजलेली वाट उघडत नाही. पुढे शस्त्रक्रिया आहे, शुक्रजंतू काढून स्त्रीबीजात सोडण्याची रीतही आहे. पण तो खर्च कामगाराच्या खिशाला पेलणारा नव्हे. तेव्हा उशीर नको.

चौकशीवाचून कोणाला बडतर्फ करू द्यायचे नाही, यासाठी आम्ही जन्मभर मालकांशी भांडलो. तोच नियम आपल्या घरातही पाळा, एवढीच विनंती.