नोंदणीनंतरची वर्षे



शहाजीराजांच्या जहागिरीच्या या गावात, बंगळुरूत, निसर्गोपचार परिषदेच्या स्वागत समितीतर्फे आपले मनःपूर्वक स्वागत. जेवणात मीठ बेताचेच असेल. तक्रार आचाऱ्याकडे नको, आहार समितीकडे करा.

आपल्या चळवळीचे माहेर पुणे. १९४५ साली गांधीजींनी तिथे निसर्गोपचाराचा ट्रस्ट स्थापला, पुढच्याच वर्षी उरुळीकांचनचा आश्रम उभा राहिला. निसर्गोपचार आणि योगाची साडेपाच वर्षांची बीएनवायएस पदवी मात्र कर्नाटकात रुजली. ती देणारे उजिरेचे महाविद्यालय १९८९ चे. इथल्या १९६१ च्या नोंदणी कायद्याच्या नावातच आयुर्वेदाशेजारी निसर्गोपचार बसला आहे. केंद्राच्या २०२० च्या भारतीय चिकित्सापद्धती आयोगात तिबेटी परंपरेच्या सोवा-रिग्पालाही जागा मिळाली, आपण बाहेरच राहिलो.

म्हणून 'सरकारने मान्यता द्यावी' हा ठराव आपण टाळ्यांच्या कडकडाटात संमत करतो. मान्यतेबरोबर तपासणीही येईल, असे कुणी म्हटले की सभागृहात खोकला सुरू होतो!

नोंदवहीत एकदा नाव चढले की पुढची तीस वर्षे तो वैद्य काय करतो, हे कुणी पाहायचे? महाराष्ट्रात ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट मिळवावे लागतात. पण त्यासाठी व्याख्यानांना हजेरी लावणे म्हणजे फेरतपासणी नव्हे. आमच्या या परिषदेलाही ते लागू आहे. तपासायचे ते केसपेपर. इन्सुलिनवरच्या रुग्णाला उपवास सांगताना डोस कुणाला विचारून बदलला? मूत्रपिंडे अधू असलेल्याला नारळपाणी आणि फळांचे रस सुरू करण्यापूर्वी रक्तातले पोटॅशियम पाहिले का? कटिस्नान, मातीपट्टी थांबवून रुग्णाला रुग्णालयात कधी धाडले?

१९२४ साली येरवड्याच्या तुरुंगात असताना गांधीजींना अपेंडिक्सचा त्रास झाला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. गांधीजींनी ती करू दिली. निसर्गोपचाराचा ट्रस्ट काढला तो त्यानंतर एकवीस वर्षांनी.

दुपारच्या सत्रात फेरतपासणीच्या मसुद्यावर चर्चा आहे. तपासणाऱ्यांत आपल्याच गोतावळ्यातली माणसे नसावीत, एखादा एमडी फिजिशियनही असावा, असे माझे मत आहे. समितीतल्या निम्म्या सहकाऱ्यांना ते पटलेले नाही, म्हणून कलम कंसात ठेवले आहे. त्यावर खुशाल भांडा. चारचा चहा, म्हणजे अर्थात काढा, आम्ही पाचला देऊ.

अध्यक्षमहोदयांनी आता सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.