स्वतःला दिलेला शब्द



आज मला तिशी-चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी-संसार सांभाळणाऱ्या काही माणसांशी बोलायचं आहे. वीजबिल भरायला त्यांच्याकडे पैसे असतात, तरी तारीख उलटते. महत्त्वाचा अर्ज पंधरा दिवस टेबलावर पडून राहतो आणि शेवटच्या रात्री जागरण करून एकदाचं गंगेत घोडं न्हातं. समोरचा बोलत असतो आणि यांचं लक्ष मध्येच उडतं. पुन्हा विचारायची लाज वाटते म्हणून नुसती मान हलवली जाते. ‘उद्यापासून नक्की’ असं ती स्वतःला इतक्या वेळा म्हणालेली असतात, की आता म्हणताना त्यांना स्वतःलाच ते खरं वाटत नाही.

असं सगळ्यांचंच कधी ना कधी होतं. पण लहानपणापासून, घरी, शाळेत, कामावर, सगळीकडे सतत हेच होत आलं असेल, तर त्यामागे एडीएचडी हा विकार असू शकतो. लक्ष हवं तिथे वळवणं, काम वेळेवर सुरू करणं, मनात आलेली ऊर्मी आवरणं, वेळेचा अंदाज घेणं, ही मेंदूची व्यवस्थापनाची कामं आहेत. एडीएचडीमध्ये ती डळमळीत असतात. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं आहे, की यात आनुवंशिकतेचा वाटा सत्तर ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणूनच मुलाची तपासणी करायला आलेल्या आईला किंवा वडिलांना डॉक्टरांचे प्रश्न ऐकता ऐकता जाणवतं, की हे तर आपलंच चाललं आहे.

१९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली. मुलं बुद्धीने चांगली, पण वागण्यावर ताबा राहत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. याला त्यांनी नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. वैद्यकशास्त्र तिथून फार पुढे आलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानपुस्तिकेत प्रौढांसाठी लक्षणांचा निकष वेगळा दिला आहे आणि काही लक्षणं बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत असंही म्हटलं आहे. आपल्या घरांत मात्र अजून नीतीचीच भाषा चालते. आळशी, वेंधळा, धांदरट, बेजबाबदार. ‘सामना बघताना बरं लागतं लक्ष!’ हेही ठरलेलं. आवडीच्या, चुरशीच्या गोष्टीत लक्ष लागतं आणि रटाळ पण गरजेच्या कामात लागत नाही, हे तर या विकाराचं नेहमीचं रूप आहे. त्यात ढोंग नसतं.

मुलींच्या बाबतीत हे आणखी उशिरा कळतं. त्यांच्यात पुष्कळदा धावपळ, दंगा नसतो. मुलगी शांत बसलेली असते, फक्त मनाने वर्गात नसते. त्यामुळे कुणाचं लक्ष जात नाही, आणि पुढे घर, मुलं, नोकरी एकत्र अंगावर आल्यावर तिची दमछाक होते. ती बाहेर ताकास तूर लागू देत नाही. रात्री जागून झाकपाक करते आणि मनातल्या मनात स्वतःला बोल लावत राहते.

निदान मात्र स्वतःचं स्वतः करू नका. थायरॉइडच्या तक्रारी, अपुरी झोप, चिंता, नैराश्य यांतही लक्ष विचलित होतं. मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ तुमचा लहानपणापासूनचा इतिहास विचारतील. जुनी प्रगतिपुस्तकं सापडली तर घेऊन जा, त्यांतले शेरे खूप काही सांगतात. मिथाइलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन अशी औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची. अनेकांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पण आपण कुचकामी आहोत हे वीस-पंचवीस वर्षं मनात रुजलेलं मत केवळ गोळीने उपटून निघत नाही. औषध चालू असूनही त्रास उरलेल्या ८६ प्रौढांचा एक अभ्यास २०१० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. विचार आणि सवयींवर काम करणारं प्रशिक्षण ज्यांना मिळालं, त्यांच्यात अधिक सुधारणा दिसली. आम्ही समुपदेशक आणि कोच काम करतो ते याच उरलेल्या भागावर. कोच निदान करत नाही, औषधही देत नाही. जो तसं करू पाहील, त्याच्यापासून दूर राहा.

आमच्याकडे येणारी माणसं बहुधा म्हणतात, ‘मला शिस्त लावा.’ मी शिस्तीपासून सुरुवात करत नाही. कारण शिस्तीचे प्रयोग त्यांनी भरपूर केलेले असतात. नव्या वह्या, नवी ॲप्स, पहाटेचे गजर, आणि प्रत्येक मोडलेल्या प्रयोगाने स्वतःवरचा भरवसा थोडा थोडा कमी केलेला असतो. म्हणून आधी एवढंच मान्य करायचं: माझी आठवण दगा देते. कामाला किती वेळ लागेल हा माझा अंदाज चुकतो. रटाळ काम मला एकट्याने सुरू करता येत नाही. हे सगळं जसं आहे तसं, शिव्या न देता, कागदावर उतरवायचं. हेच स्वीकारणं. त्यात हार नाही आणि सबबही नाही.

हे मान्य झालं की भरवशाचा अर्थ बदलतो. ‘मी विसरणार नाही’ असा भरवसा कशाला हवा? ‘मी विसरतो हे मला माहीत आहे आणि त्याची सोय मी केली आहे,’ हा भरवसा पुरतो. आपल्या घरांत दुधाचे खाडे कालनिर्णयवर लिहितातच. त्याला कुणी कमीपणा म्हणत नाही. मग औषधाची वेळ आरशावर चिकटवण्यात, किल्लीला दाराशेजारी खिळा ठोकण्यात संकोच कसला?

स्वतःला शब्द देताना तो इतका लहान द्या, की दमलेल्या दिवशीही पाळता यावा. ‘रविवारी कपाट आवरीन’ हा शब्द मोडतो. ‘चहाचा कप खाली ठेवला की वरचा एक कप्पा, दहा मिनिटं,’ हा बहुधा टिकतो. कशानंतर काय करायचं हे आधीच बांधून ठेवलं की काम सुरू होण्याची शक्यता वाढते, हे पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनातून पुढे आलं आहे. मन रेंगाळत असेल तर कुणाला तरी नुसतं शेजारी बसायला सांगा. मदत नको, सूचना नकोत, सोबत पुरे.

आणि चटकन ‘हो’ म्हणणं थांबवा. जुन्या चुकांची भरपाई म्हणून ही माणसं येईल त्या कामाला हो म्हणतात आणि पुन्हा अडकतात. ‘बघून संध्याकाळी सांगते’ एवढं वाक्य सवयीचं करा. माझ्या मते सगळ्या युक्त्यांत हीच सर्वांत मोलाची आहे.

शब्द मोडेलच कधीतरी. तेव्हा ‘मी अशीच आहे’ म्हणू नका. नेमकं कुठे अडलं ते विचारा. काम मोठं होतं? वेळ चुकली? कागद समोर नव्हता? एक गोष्ट बदला आणि पुन्हा करा. ज्याला त्रास झाला त्याची मात्र सरळ माफी मागा. खोटी कारणं देऊ नका. वाट पाहत थांबलेल्या जोडीदाराचा वेळ गेला, हे खरं आहे आणि ते आपण मानायला हवं. रोज रात्री पाळलेला एक तरी शब्द वहीत लिहा. या मेंदूला चुका लख्ख आठवतात, जमलेलं मात्र निसटून जातं. म्हणून त्याचा पुरावा लेखी हवा.

घरच्यांना माझी एक विनंती आहे. ‘कितीदा सांगायचं तुला?’ याऐवजी ‘हे कुठे लिहून ठेवूया?’ असं विचारून पाहा. पण आठवण करून देण्याचं सगळं ओझं बायकोवर किंवा आईवर टाकू नका. ती सोय भिंतीवरच्या कागदाने करायला हवी.

कुणाशी बोलावं हे सुचत नसेल, मन फार खचलं असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक दिवसरात्र चालू असतो. तिथे बोलून जवळ कुठे दाखवता येईल ते विचारा. फोन कशानंतर करायचा, तेवढं मात्र आत्ताच ठरवून ठेवा.