बंदूक शिकविणाऱ्याची परीक्षा

(अंजनवेल येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोपाळगडाने एके काळी दाभोळच्या खाडीचे तोंड राखले. आज या किनाऱ्यावर बंदूक राखते ती भाताची खाचरे आणि काजूची कलमे. रानडुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाची मेहनत उलथून टाकतो; उरलेसुरले वानरे संपवितात. शेतीसंरक्षणाची ठासणीची किंवा काडतुसाची बंदूक कोकणी शेतकऱ्याच्या घरात चैनीखातर आलेली नाही. एकाकी वाडीत चोरापासूनचा आधार म्हणूनही तिच्याकडे पाहिले जाते. ती चालवावयास कोणी शिकविले, हा खरा प्रश्न आहे.

डुक्कर समजून माणसावर बार गेल्याच्या बातम्या कोकणाला नव्या नाहीत. त्या झुडपामागे असतात हाकाऱ्याला गेलेले गडी, लाकूडफाट्याला निघालेल्या बाया, दुसऱ्याची बाग राखणारे मजूर. शिक्षण अपुरे राहते बंदूकवाल्याचे. त्याची किंमत यांनी मोजावयाची.

शस्त्र नियम, 2016 यांनी परवाना मागणाऱ्यासाठी शस्त्रसुरक्षेच्या प्रशिक्षणाची तरतूद केली. सुरक्षित हाताळणी, नेमबाजीचे तंत्र, निगा, साठवण, वाहतूक, कायद्याची जाण असे विषय त्यात आहेत. कागद निर्दोष आहे. परंतु प्रमाणपत्र देणारा शिक्षक कसा, हे कागदावरून कळत नाही.

ते कळते पहिल्या पाच मिनिटांत. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे की नाही, हे वरून पाहून समजत नाही. जाणता शिक्षक बंदूक हाती येताच टोपी काढतो, नळीचे तोंड अंगापासून दूर धरून आत गज सोडतो आणि गजावरील खुणेवरून नळी रिकामी असल्याची खात्री करतो. मालकाने ‘रिकामीच आहे हो’ असे सांगितले तरी तो हे करतोच. नेम धरेपर्यंत त्याचे बोट घोड्यावर जात नाही. टोपी फुटूनही बार उडाला नाही, तर तो नळीत डोकावत नाही. तोंड मोकळ्या दिशेला धरून थांबून राहतो. एकदा दारू भरलेल्या नळीत विसरून पुन्हा दारू ठासली गेली तर काय होते, हे तो आधी सांगतो, मग हाती गज देतो. बार टाकण्याच्या जागी मागे मातीचा बांध नसेल तर त्या दिवशी शिकवणीच होत नाही. उतावळ्या शिष्याला, मग तो गावचा पुढारी का असेना, परत पाठविण्याची हिंमत त्याच्यापाशी असते. उडत्या नारळाचा वेध घेणारा हा गुण दाखवीलच असे नाही. उत्तम नेमबाज आणि उत्तम शिक्षक या दोन निराळ्या असाम्या आहेत.

निवृत्त सैनिकांविषयीही हेच म्हणता येईल. शस्त्राची शिस्त त्यांच्याइतकी क्वचितच कोणाला असते. मात्र सैनिकाला समोर शत्रू आहे असे धरून शिकविलेले असते. शेतकऱ्याला समोर शेजारी असेल असे धरून शिकविले पाहिजे. भारतीय न्याय संहिता, 2023 हिच्या 34 ते 44 या कलमांनी स्वसंरक्षणाचा हक्क दिला, त्याबरोबर मर्यादाही घातली: बचावास आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही, आणि पोलिसांकडे जाण्यास अवधी असेल तर हा हक्कच उरत नाही. पळणाऱ्या चोराच्या पाठीत छर्रे घालणे हे स्वसंरक्षण नव्हे. श्वापदांच्या बाबतीतही बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठी वनखात्याची परवानगी वेगळी. हे धडे गाळून केवळ नेम शिकविणारा माणूस धोकादायकच म्हटला पाहिजे, त्याचा नेम कितीही अचूक असो.

म्हणून कार्यकर्त्यांनी आग्रह धरावा तो असा: प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, उघड्यावर, गावकऱ्यांच्या देखत व्हावे; शिक्षकाची मिळकत दिलेल्या प्रमाणपत्रांच्या संख्येवर अवलंबून नसावी; अपघात घडल्यास चौकशीत शिकविणाऱ्याचेही नाव यावे. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा करावयास लावतात, त्या कित्येक दिवस तेथे पडून राहतात आणि नेमके तेव्हाच डुकरांचे फावते, ही तक्रार रास्त आहे. पण बंदूक परत मिळाल्यावर घाईने बार भरण्यापूर्वी नळी साफ करून आत गंज किंवा बोळा नाही ना, हे पाहावयाचे असते. ते किती जणांना शिकविले आहे, याची विचारपूस वाडीवाडीत फिरून याच हंगामात करता येईल.