काटकसर : श्रावकधर्माचे एक अंग

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टला पन्नास वर्षे पूर्ण होत असताना दोन शब्द बोलण्याची संधी मला दिली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. विषयाची निवड माझ्यावरच सोपविण्यात आली होती. तत्त्वज्ञानावर बोलण्याचा अधिकार पंडितांचा. मी कापडाचा व्यापारी. म्हणून ज्या वस्तूशी माझा रोजचा संबंध, त्या कापडाविषयीच बोलावे असे ठरविले; मात्र दुकानातील नव्या कापडाविषयी बोलण्यापेक्षा घरातील जुन्या कापडाविषयी अधिक. नवे कापड विकून ज्याचा प्रपंच चालतो त्याने जुन्याची थोरवी सांगावी, हे काहींना विसंगत वाटेल. परंतु जो रोज तागा उघडून कापड मोजून देतो, त्याला ते वाया जाताना पाहून थोडे वाईटही वाटले पाहिजे, अशी माझी धारणा आहे.

पूर्वी आपल्या घरांत कापडाचा प्रवास ठरलेला असे. नवे लुगडे आधी सणासमारंभाला, मग रोजच्या वापराला. ते विरू लागले की त्यातून बाळंतिणीच्या खोलीत लागणारी दुपटी, झबली, टोपरी आणि कुंची निघत. उरलेल्याची गोधडी होई. आपल्या भागात तिला वाकळ म्हणतात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात कौदी. वाकळही जीर्ण झाली की तिचे पायपुसणे, पुढे भांडी उतरविण्याचे फडके आणि अखेरीस चूल सारविण्याचे पोतेरे. ज्याला उपयोगच नाही असे कापड त्या घरात शोधूनही सापडले नसते. राहिलेले कपडे बोहारीण घेऊन जाई व त्या बदल्यात भांडे देई. तेच कपडे पुढे जुन्या बाजारातून दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढत. आता ती दारावर क्वचितच दिसते.

या व्यवहारामागे केवळ गरिबी नव्हती, शहाणपणही होते. नव्या कापडात खळ असते आणि कच्चा रंग असतो. अनेकदा धुतलेल्या सुती लुगड्यातून दोन्ही निघून गेलेले असतात व धागा मऊ झालेला असतो. नवजात बालकाच्या कोवळ्या त्वचेला याहून योग्य वस्त्र कोणते? बंगालचा कांथा आणि बिहारची सुजनी यांचाही उगम जुन्या मऊ कापडाचे थर एकत्र शिवण्यातच आहे.

वाकळीचे गणितही पाहण्यासारखे आहे. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, एका वाराचे तीन फूट, म्हणजे सत्तावीस फूट. त्याच्या चार घड्या केल्या की प्रत्येक घडी पावणेसात फुटांची. पन्हा साधारण 45 इंच, म्हणजे पावणेचार फूट. याचा अर्थ असा की, एक लुगडे कोठेही न कापता चार पदरी घडी केली, तर एका माणसाच्या अंथरुणाचे माप आपोआप जुळते. दोन लुगडी घेतली तर आठ पदर. मग कडेने सुरुवात करून आत आत येणारा धावदोरा. ज्या स्त्रियांनी शाळेची पायरीही चढली नव्हती, त्यांनी हे माप हातानेच सिद्ध केले होते. वाणिज्य शाखेत आम्हाला घसारा शिकविला गेला. दरवर्षी वस्तूची किंमत कमी करीत जायची आणि शेवटी ती शून्यावर आणायची, हा त्याचा नियम. आपल्या माता-भगिनींच्या हिशेबात मात्र शून्य हा आकडा फार उशिरा येत असे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. काटकसर वेगळी आणि कंजूषपणा वेगळा. तत्त्वार्थसूत्रात आचार्य उमास्वामींनी परिग्रहाची व्याख्या वस्तूंच्या संख्येवरून केलेली नाही. वस्तूविषयीच्या ममत्वावरून केली आहे. जो न वापरता साठवितो तो कंजूष. जो पूर्ण वापरून मोकळा होतो तो काटकसरी. पहिल्याचे कपाट भरत जाते आणि दुसऱ्याचे रिकामे होत जाते.

काटकसरीला मर्यादाही आहेत आणि त्या आपल्या परंपरेने फार काटेकोरपणे घालून दिल्या आहेत. पाणी गाळण्याचे वस्त्र जाड व दुहेरी हवे; विरलेले, छिद्रे पडलेले कापड तेथे चालत नाही. जिनपूजेचे वस्त्र शुद्ध आणि अखंड हवे. जेथे जीवरक्षणाचा किंवा पूजेचा प्रश्न आहे तेथे काटकसर करायची नाही. दानाच्या बाबतीतही तेच. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-पंचगंगेला महापूर आला, तेव्हा चोहोबाजूंनी मदतीचा ओघ लागला. त्यात अंगावर घालता येणार नाहीत असे कपडेही आले. स्वतःला नको झालेली वस्तू दुसऱ्याच्या दारात टाकणे म्हणजे दान नव्हे आणि काटकसरही नव्हे. जुने देताना ते धुऊन, उसवलेले शिवून, बटणे लावून द्यावे. आपण स्वतः ते वापरले असते काय, ही त्याची साधी कसोटी.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज उभा आहे त्या गोष्टीकडे वळतो. ती थोडी स्पष्ट आहे. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये.

आमच्या व्यापारात 'आहेरी माल' नावाचा एक प्रकार असतो. ब्लाऊजपीस, शर्ट-पँट पीस, टॉवेल-टोपी, पातळ साड्या. हे कापड बहुतांशी देण्यासाठी विणले जाते, वापरण्यासाठी नव्हे. भरपूर खळ देऊन त्याला अंग आणलेले असते. पहिल्या धुण्यात ते उतरते. घेणाऱ्यालाही हे ठाऊक असते, म्हणून तो ते शिवीत नाही. पुढच्या लग्नात तेच पुडके दुसऱ्याला देतो. समजा एका लग्नात दोनशे ब्लाऊजपीस वाटले गेले. एक पीस 80 सेंटिमीटरचा धरला तर हे 160 मीटर कापड झाले. त्यातील किती मीटर कुणाच्या अंगाला लागते? पुडक्यावरचे नाव खोडून नवे नाव लिहिले जाते आणि कापड या कपाटातून त्या कपाटात फिरत राहते. शेवटी घडीवर पिवळे पट्टे पडतात आणि ते कचऱ्यात जाते.

आता याच्या दुसऱ्या बाजूचा विचार करा. जगाची सरासरी धरली तर एक किलो सुती कापडाच्या पाठीमागे सुमारे दहा हजार लिटर पाणी खर्ची पडते, असे या विषयाचे अभ्यासक सांगतात. त्यात शेतातील कापसाला लागणारे पाणी आहे, विरंजन आणि रंगाईचे पाणी आहे. त्याशिवाय पिकावरील कीटकनाशके आहेत. आपण घरात पाणी गाळतो आणि जीवाणी जपून मूळ जलाशयात परत सोडतो. गाळण्याने त्रस जीवांचे रक्षण होते; पण आपल्या शास्त्रानुसार पाणी स्वतःच जलकायिक जीवांचे शरीर आहे. एका घागरीसाठी एवढी दक्षता घेणारे आपण, कधीही न शिवल्या जाणाऱ्या कापडामागे हजारो लिटर पाणी निष्कारण खर्ची घालतो. हा विरोध मला अस्वस्थ करतो.

श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड-विरती नावाचे एक गुणव्रत आहे. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत : पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. प्रयोजनाशिवाय माती खणणे, पाणी सांडणे, वनस्पती तोडणे हे प्रमादचर्येत येते. गृहस्थाला प्रयोजनासाठी होणारी हिंसा पूर्णपणे टाळता येत नाही. अंग झाकायला वस्त्र लागतेच. परंतु निष्प्रयोजन हिंसा त्याला टाळता येते, आणि तीच टाळण्याचे हे व्रत आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे, कपाटातून कपाटात फिरणारा आहेर हा आपल्या काळातील अनर्थदंड आहे. आणि जुन्या लुगड्याचा अखेरच्या धाग्यापर्यंत केलेला उपयोग हे त्या व्रताचे घरगुती पालन आहे.

मग भेट द्यायचीच नाही काय? अवश्य द्यावी. भेट कशी असावी याचा आदर्श आपल्याकडे डोळ्यांसमोर आहे. दिगंबर मुनिराजांची पिंछी पाहा. मोराने स्वतःहून गाळलेली पिसे. त्यासाठी कोणत्याही जीवाला इजा नाही. ती धूळ धरीत नाही, घाम धरीत नाही, मृदू आहे, सुकुमार आहे आणि हलकी आहे. ती हातांनी बांधली जाते आणि चातुर्मासानंतर पिंछी-परिवर्तनाच्या सोहळ्यात भक्तिभावाने अर्पण केली जाते. जुनी पिंछी टाकून दिली जात नाही. संयमाचा नियम घेणाऱ्या श्रावकाला ती मिळते. बाजारात तिला काय भाव येईल, असा प्रश्नही कुणाच्या मनाला शिवत नाही. वस्तू अहिंसेतून मिळालेली, हातांनी घडविलेली, पूर्ण उपयोगाची आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांना एका नियमाने जोडणारी. भेटीचे याहून उत्तम लक्षण कोणते?

हा आदर्श मुनिजीवनातील झाला. संसारातील एक उदाहरण सांगतो. आमच्या मातोश्रींच्या पश्चात त्यांच्या पेटीत अकरा लुगडी निघाली. त्यांपैकी एक हिरवे इरकली होते आणि ते माझ्या दोन्ही बहिणींना हवे होते. दोघींनीही ते बोलून दाखविले नाही. पण घरात जो अबोला दाटला तो सर्वांना कळत होता. तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी सुचविले की, लुगडी वाटूच नयेत, त्यांच्या वाकळी कराव्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोघी बहिणी आणि घरातल्या दोघी सुना, अशा चौघी सोप्यात सतरंजी टाकून बसल्या. इरकलीच्या पदराच्या चार पट्ट्या झाल्या आणि प्रत्येकीच्या वाकळीवर मध्यभागी एकेक पट्टी शिवली गेली. शिवता शिवता आईच्या गोष्टी निघाल्या, कुणी हसले, कुणी डोळे पुसले. तयार साड्यांची वाटणी करून जे साधले नसते ते सुई-दोऱ्याने साधले. आज त्यातील एका वाकळीवर माझी पणजीच्या वयाची आत्या झोपते आणि दुसरीवर धाकट्या बहिणीची नात खेळते.

हाताने केलेल्या भेटीत देणाऱ्याचा वेळ असतो. पैशाची भेट श्रीमंताला सोपी आणि गरिबाला कठीण. वेळेची भेट दोघांनाही सारखीच. म्हणूनच पूर्वीच्या रुखवतात मांडलेल्या हातच्या वस्तूंनी कुणाला ओशाळवाणे वाटत नसे. आज आहेराच्या चढाओढीत मध्यम परिस्थितीतील कुटुंबे कर्ज काढतात, हे आपण सर्व जाणतो. उघडपणे बोलत नाही एवढेच.

या सुवर्णमहोत्सवी वर्षात समाजापुढे तीन विनंत्या ठेवतो. पहिली, लग्नकार्यात आहेरी पुडक्यांची देवघेव बंद करावी. ज्यांना द्यायचेच आहे त्यांनी जवळच्या दोन-चार नातलगांना, त्यांना विचारून, वापरात येईल असे एकच चांगले वस्त्र द्यावे किंवा हाताने केलेली वस्तू द्यावी. दुसरी, येत्या श्रुतपंचमीला मंदिरातील ग्रंथांची वेष्टने प्रत्येक घरातून हाताने शिवून यावीत. त्यासाठी घरात पडून असलेले कोरे सुती कापड उत्तम. त्यातून हवा खेळती राहते आणि प्लॅस्टिकप्रमाणे आत ओल कोंडत नाही. तिसरी, पाठशाळेच्या उन्हाळी शिबिरात दोन दिवस शिवणकामाला द्यावेत. बटण लावणे, उसवलेले शिवणे, धावदोरा घालणे आणि जुन्या कापडाची पिशवी करणे एवढे मुलींप्रमाणेच मुलांनाही यावे. शिकविण्यासाठी बाहेरून कुणी आणावयास नको. ज्या आजींच्या हाताला वाकळ येते त्या आपल्या गल्लीतच आहेत. त्यांची कला पुस्तकात लिहिलेली नाही. त्या आहेत तोवर ती शिकून घ्यावी लागेल.

काल माझ्या एका व्यापारी मित्राने विचारले, "हे भाषण करून तू स्वतःच्याच पोटावर पाय आणणार काय?" आहेरी माल हा लग्नसराईच्या उलाढालीचा मोठा भाग आहे, हे खरे आहे आणि तो कमी झाला तर माझ्या गल्ल्यात फरक पडेल, हेही खरे. परंतु जे कापड अंगाला लागते, टिकते आणि ज्याची पुढे वाकळ होऊ शकते, ते विकण्यात जे समाधान आहे ते पुडक्यांच्या विक्रीत मला कधीच मिळालेले नाही. आमच्या दुकानात या लग्नसराईपासून आहेरी पुडकी बांधणे बंद करण्याचा निर्णय आम्ही घेतला आहे. चिरंजीवांनी त्याला संमती दिली, याचा मला आनंद आहे. समाजाने साथ दिली तर हा निर्णय टिकेल.